कालव्याच्या काठानं

माझ्या आयुष्यात सायकल दोनदा आली. पहिली सरकारनं दिली, दुसरी लेकीनं. सरकारी सायकल ऑफिसच्या डेडस्टॉक रजिस्टरात नोंदलेली होती आणि तिची प्रकृती त्या नावाला शोभेशीच होती. तिच्यावर बसून मी पाटबंधारे खात्यातली अकरा वर्षं एका कालव्याच्या काठानं काढली. दुसरी सायकल माझ्या हाती आली ती २०१४ सालच्या सप्टेंबरात, दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या तुलूज शहरात. कन्या तिथं विमानांच्या कारखान्यात नोकरीला. तिनं दोन सायकली भाड्यानं आणून ठेवल्या होत्या. माझ्या सायकलीला एकवीस गिअर होते.

"एवढे गिअर कशाला गं?"

"चढाला लागतात, बाबा."

"आपण कालव्याच्या काठानं जाणार ना? मग चढ कसला? कालव्याला चढ निघाला तर इंजिनिअरला सस्पेंड करतात."

हे मी अनुभवाच्या अधिकारानं बोललो आणि तिथंच चुकलो. आमच्या कालव्यांना पाणी धरणातून खाली शेतात न्यायचं असतं. या कालव्याला होड्या एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे न्यायच्या होत्या, आणि मध्ये जमीन फुगलेली होती.

कॅनाल दु मिदी त्याचं नाव. लांबी २४० किलोमीटर. तुलूजपाशी तो गारोन नदीला भेटतो. ती नदी पुढं अटलांटिकला जाते. कालव्याचं दुसरं टोक भूमध्य समुद्राजवळच्या एका खाऱ्या सरोवरात उतरतं. एरवी या समुद्रातून त्या समुद्रात जायचं तर सगळ्या स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून यावं लागे. वाटेत वादळं, चाचे आणि स्पेनचा राजा. तेव्हा मधूनच कालवा काढावा, ही कल्पना पुष्कळांना सुचली होती. कल्पना सुचायला पाणी लागत नाही. कालव्याला लागतं.

पाण्याचं उत्तर ज्याला सापडलं तो इंजिनिअर नव्हता, हे ऐकून मला जरा लागलंच. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार. लोकांचे शिव्याशाप आणि पैसा ही दोन्ही त्याच्याकडे मुबलक. १६६२ साली त्यानं चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहून कालव्याची योजना कळवली. तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. ज्या वयात आमच्या ऑफिसात माणूस पेन्शनचा हिशेब मांडायला घेतो, त्या वयात हा गृहस्थ आपल्या वाड्याच्या बागेत छोटे कालवे आणि छोटी लॉकं बांधून पाणी कसं चढतं-उतरतं ते बघत बसला होता. घरच्या मंडळींचं काय म्हणणं होतं ते इतिहासात नाही. पण मला अंदाज आहे. १६६६ साली, म्हणजे आपल्याकडे महाराज आग्र्याहून सुटले त्याच वर्षी, राजाची मंजुरी आली.

तुलूज ते कार्कासोन हे शंभरेक किलोमीटर आम्ही तीन दिवसांत करायचे ठरवले. वाट मूळची घोड्यांची. काठावरून घोडे चालायचे आणि दोरानं होड्या ओढायचे. आता घोडे गेले आणि वाटेवर आमच्यासारखे लोक आले. ओझं तेवढंच, फक्त चाबूक नाही. दोन्ही काठांना चिनारांच्या जातीची प्रचंड झाडं, पाण्यावर त्यांची कमान, आणि सावलीतून सावकाश जाणाऱ्या होड्या. होडीतले लोक गच्चीवर बसून जेवत होते आणि मला हात करत होते. मीही करत होतो. एक हात सोडला की सायकल पाण्याकडे ओढ घेते, हे ध्यानात आल्यावर मी नुसतीच मान हलवायला लागलो.

लॉक आलं की मी उतरायचा. लॉक म्हणजे होड्यांची लिफ्ट. दोन दारांमधला हौद. होडी आत घ्यायची, खालचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं. पाणी चढतं तशी होडी चढते. तसे हौद मी चित्रात पाहिले होते, पण ते चौकोनी. इथले मध्ये फुगलेले, बदामासारखे. कारण असं की, सुरुवातीच्या एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबानं ढासळली. तेव्हा रिकेनं भिंतींना बाक दिला. कमान आडवी झोपवली की ती मातीचा रेटा अंगावर घेते. साडेतीनशे वर्षांनी ती भिंत तशीच आहे. मी तिच्यावरून हात फिरवला. लॉकवरच्या माणसाला वाटलं, मला चक्कर येतेय. त्यानं खुर्ची आणून दिली.

"बाबा, अजून किती वेळ भिंत बघणार?"

"अगं, दरज बघ. चुन्यातली आहे."

"मी लहान असतानाही तुम्ही हेच सांगायचात."

मी गप्प झालो. ती दुसरीत असताना शाळेत 'माझे बाबा' हा निबंध आला होता. तिनं लिहिलं होतं : 'माझे बाबा कालवा करतात. तो झाला की ते घरी येणार आहेत.' बाईंनी दहापैकी नऊ मार्क दिले होते. एक मार्क कशाचा कापला ते मला कधी कळलं नाही. कालवा काही झाला नाही. भूसंपादन, निधी, सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा निधी. माझी बदली झाली तेव्हा शेवटच्या दहा किलोमीटरांत पाण्याचा थेंब गेला नव्हता. टेलचे शेतकरी भेटले की मी सायकल दुसऱ्या वाटेनं घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी नोरूज आलं. हा कालव्याचा माथा. उंची १८९ मीटर. एवढीशी उंची ऐकून आपल्या सह्याद्रीला हसू येईल. पण सगळ्या कालव्याचा जीव इथं आहे. इथं पडलेला पाऊस एका अंगानं अटलांटिकला जातो आणि दुसऱ्या अंगानं भूमध्य समुद्राला. होडी माथा ओलांडून गेली की दोन्ही बाजूंच्या लॉकांतून हौद-हौद पाणी खाली निघून जातं आणि परत येत नाही. म्हणजे सर्वांत जास्त पाणी हवं ते सर्वांत उंच जागी, आणि तिथं तर नदी नाही. सगळ्या योजना आजवर इथंच अडल्या होत्या. रिकेनं उत्तरेकडे मोंतान्य न्वार, म्हणजे काळा डोंगर, त्याच्याकडे पाहिलं. तिथले ओढे चरांनी अडवून, वळवून, डोंगराच्या कडेकडेनं त्यानं नोरूजला आणले. आधी १६६५ साली पुरतं अरुंद चर खणून पाणी येतं की नाही ते पाहिलं. आलं. मग उन्हाळ्यासाठी सँ-फेरेओलला मातीचं धरण बांधलं : पाऊण किलोमीटरहून लांब, तीस मीटरांहून उंच, त्या काळी युरोपात जोड नाही असं.

कामावर एका वेळी बारा हजार माणसं होती. त्यांत बायाही पुष्कळ. रिके त्यांना महिन्याचा पगार देई. रविवार, सणवार आणि पावसाचे दिवस कापत नसे. हे वाचून मला आमचं मस्टर आठवलं. त्यात पाऊस पडला की माणूस गैरहजर असे.

पण नोरूजला माझा खरा आनंद निराळाच होता. तिथं रिकेनं साठवणीसाठी अष्टकोनी तलाव बांधला होता आणि त्याच्याभोवती नवं शहर वसवायचा त्याचा बेत होता. तो तलाव काही वर्षांतच गाळानं भरला. शहर झालं नाही. आज तिथं झाडं आहेत. चौदाव्या लुईच्या राज्यातही गाळ येत होता, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्या छातीवरचा केवढा तरी भार उतरला.

जवळच मोठमोठ्या खडकांवर रिकेच्या वंशजांनी त्याच्या नावाचा स्तंभ उभा केला आहे. त्या खडकांना भेगा आहेत. भेगा मिटतील त्या दिवशी जगबुडी होईल, अशी तिकडची समजूत. आमच्या कालव्याच्या अस्तराच्या भेगा मी अकरा वर्षं पाहिल्या आहेत. जगाला तूर्त काही धोका नाही.

त्याच सुमारास जिल्ह्याची हद्द बदलली आणि डांबर संपलं. मुळं, दगड, खड्डे. कन्या चिडली. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी कास्तेलनोदारीला पोचलो. हे गाव कासुले नावाच्या पदार्थावरून प्रसिद्ध. पांढऱ्या घेवड्यांची, म्हणजे आपल्या राजम्याच्या भावंडांची, मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवलेली उसळ. तीत बदक आणि सॉसेज. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी वेढा दिला तेव्हा गावकऱ्यांनी हा पदार्थ शोधला, असं वाढपी सांगत होता. ते घेवडे अमेरिकेतून आले, आणि कोलंबस तिकडं गेला तो हे युद्ध संपल्यावर. पण गावाच्या अभिमानात आपण कशाला पडा? मी विचारलं, बदकाशिवाय मिळेल का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की इंग्रजांनंतर वेढा घालायला मीच आलो असेन. मी कोशिंबिरीवर भागवलं.

तिसऱ्या दिवशी एका पट्ट्यात झाडं नव्हती. नुसते बुंधे. या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे. २००६ साली तो इथं सापडला. त्यावर औषध नाही. झाड तोडून जाळायचं. बेचाळीस हजार झाडांपैकी निम्म्याहून अधिक आजवर गेली. ती रिकेनं लावलेली नव्हती; एकोणिसाव्या शतकात, त्याला जाऊन दीडशे वर्षं होत आली तेव्हा, लोकांनी लावली. आता जागोजागी दुसऱ्या जातींची रोपं लावत आहेत. हातभर उंचीच्या एका रोपाच्या सावलीत मी टोपी धरून पाहिली. टोपीला पुरली.

कार्कासोनच्या दुहेरी तटाचा किल्ला लांबून दिसला. एकोणिसाव्या शतकात त्याची डागडुजी झाली. ती जरा जास्तच झाली म्हणतात. मला गंमत वाटली ती खालच्या गावाची. रिकेनं कालव्यासाठी वर्गणी मागितली. गावानं हात आखडला. त्यानं कालवा बाहेरूनच नेला. पुढं गावाला पश्चात्ताप झाला आणि १८१० साली वळण काढून कालवा एकदाचा गावात आला. एका ठरावाला सव्वाशे वर्षांहून जास्त लागली! आमच्या कालव्याची प्रकरणं त्या मानानं अगदीच कोवळी.

रिकेनं हे काहीच पाहिलं नाही. १ ऑक्टोबर १६८० ला तो तुलूजला वारला. थोडंच काम उरलं होतं. पुढच्या मे महिन्यात कालवा सुरू झाला. बापाचं राहिलेलं काम मुलांनी पुरं केलं. कर्ज इतकं होतं की वारसांना नफा दिसायला १७२४ साल उजाडलं.

बंदराजवळ पाण्यात पाय सोडून बसलो होतो. हे सगळं मी कन्येला सांगत होतो. ती ऐकत होती, की पायांना आलेले गोळे चोळत होती, कळेना. एकदम म्हणाली, "बाबा, तुमचा झाला का हो?"

"काय?"

"कालवा."

मला माहीत नव्हतं. निवृत्त झाल्यावर मी तिकडं फिरकलोच नव्हतो. "झाला असेल," एवढंच म्हटलं.

परत आल्यावर, रब्बीच्या दुसऱ्या आवर्तनात, मी एसटीनं तिथं गेलो. फाट्यावरच्या दुकानातून सायकल मागून घेतली. गिअर नव्हते. टेलकडे जाताना वाटेतल्या तीन चाऱ्या कोरड्या दिसल्या तेव्हा परत फिरावंसं वाटलं. शेवटच्या चारीला मात्र पाणी होतं. फार नाही, घोट्याएवढं, गढूळ, वाटेतला पाला ढकलत चाललेलं. पलीकडे गव्हाला पाणी देणाऱ्या एका पोरानं विचारलं, "कोण पाहिजे, काका?"

"कोणी नाही. पाणी कधीपासून येतं इथं?"

"येतं की. पहिल्यापासून येतं," तो म्हणाला. असेल अठरा-वीस वर्षांचा.

बांधावर बसून मी तुलूजला फोन लावला. म्हटलं, "झाला गं."

पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मग आता घरी येणार ना?"

म्हटलं, "येतो. एवढी पाळी संपू दे."