कोकज्वलन, ओतभट्टीतील (सातारा व सांगली जिल्हे)

बीड वितळविण्याच्या क्युपोला भट्टीत होणारे कोकचे ज्वलन. दक्षिण महाराष्ट्रातील लोखंडी नांगरांचा उद्योग यावरच उभा राहिला. सातारा व सांगली (१९४९ ते १९६० दक्षिण सातारा) हे जिल्हे बेसाल्ट खडकाचे असल्यामुळे तेथे दगडी कोळसा सापडत नाही. तरीही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना काढला. पुढे सातारा रोड येथे धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यातही नांगर होऊ लागले. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा किर्लोस्करवाडीत वितळविण्यात आल्या. लोखंडाची अशी सोय झाली, तरी इंधनाचा प्रश्न अधिक बिकट होता.

सह्याद्रीत लाकडी कोळसा मिळे. मग दूरच्या कोकची गरज का भासावी? याचे उत्तर भट्टीतील वायूंत आहे. क्युपोलाच्या तळाशी कोकचा थर लाकडांनी पेटवितात व तो लाल झाला की बाजूच्या नळ्यांतून हवेचा झोत सोडतात. झोताजवळ कार्बनाचा कार्बन डाय-ऑक्साइड होऊन प्रत्येक किग्रॅ.मागे सु. ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. वर जाताना ऑक्सिजन संपतो आणि हाच तप्त वायू पुढच्या कोकशी विक्रिया पावून कार्बन मोनॉक्साइड बनतो. ही विक्रिया उष्णता शोषून घेते. कार्बन केवळ मोनॉक्साइडापर्यंतच जळाला, तर किग्रॅ.मागे जेमतेम २,२०० किलोकॅलरी हाती लागतात. लाकडी कोळसा सच्छिद्र असल्याने ही विक्रिया त्यात झपाट्याने होते. शिवाय लोखंडाच्या भाराखाली त्याचा चुरा होऊन झोत कोंडतो. घट्ट, मोठ्या खड्यांचा कोक दोन्ही बाबतींत सरस ठरतो. थराची उंचीही जपावी लागते. थर फार उंच असल्यास कोक वाया जातो, फार कमी असल्यास शिल्लक ऑक्सिजन लोखंडालाच जाळतो. जुने ओतारी हे भट्टीतून वाहणाऱ्या बिडाच्या रंगावरून व पातळपणावरून ताडत. त्यांचे हे ज्ञान पुस्तकी नव्हते, पण कमी अचूकही नव्हते.

हवेऐवजी ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या मिश्रणात दगडी कोळशाची भुकटी जाळण्याच्या आधुनिक पद्धतीत हाच वायू पुन्हा आडवा येतो. नायट्रोजनापेक्षा त्याची रेणुभारानुसार उष्णताधारकता जास्त असते व त्याच्यातून ऑक्सिजन सावकाश पसरतो. म्हणून कण उशिरा पेट घेतात. कण तापल्यावर कार्बन डाय-ऑक्साइड त्यांच्याशी उष्णताशोषक विक्रियाही करतो. हवेत ऑक्सिजनाचे प्रमाण २१ टक्के असते. तेवढीच तप्त ज्योत मिळण्यासाठी या मिश्रणात ते साधारणपणे ३० टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. धुराड्यातून जवळजवळ शुद्ध कार्बन डाय-ऑक्साइड मिळावा व तो साठविता यावा, हा या पद्धतीचा उद्देश होय. जर्मनीतील श्वार्त्स पुंपे येथे २००८ मध्ये अशी ३० मेगावॉट औष्णिक क्षमतेची प्रायोगिक भट्टी सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियातील कॅलाइड येथील संच २०१२ ते २०१५ या काळात चालला.