हौसेला मोल असतं: ऑस्टिन सेव्हन ते लोटस सेव्हन

२०२० मध्ये लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीने लोकांना एक जाहीर विनंती केली. आमची पहिलीवहिली गाडी हरवली आहे. तुमच्या गॅरेजमध्ये, शेडमध्ये, शेतावरच्या कोठारात एकदा नजर टाका. ही गाडी म्हणजे ‘मार्क वन’. लंडनमध्ये शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन नावाच्या विशीतल्या मुलाने ती १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून बनवली होती. पुढे त्याने ती विकली आणि मग तिचा पत्ताच लागला नाही. फोटो आहेत, गाडी नाही.

आता गंमत बघा. पुढे फॉर्म्युला वनच्या विश्वविजेत्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात अशी, म्हणजे कुणीतरी घरामागच्या गॅरेजमध्ये हौसेने बदललेली एक जुनी गाडी. आणि तीच गायब! पुरावाच नाही तर इतिहास कसा लिहायचा? आज याच प्रश्नावर बोलू. संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, ‘छंद, हौस, आवड असे विषय पीएचडीला चालतात का?’ चालतात. पण एका अटीवर. ‘लोकांना आवडत होतं म्हणून त्यांनी केलं’ हे वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कारण म्हणून येता कामा नये. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसतं. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र नेमकं उलटं धरून चालावं: हौसेला मोल असतं, आणि ते कोणी, किती, कधी भरलं हे शोधायला लागलं की इतिहास सुरू होतो.

सुरुवात करू ऑस्टिन सेव्हनपासून. ही छोटी गाडी १९२२ मध्ये बाजारात आली आणि १९३९ पर्यंत बनत राहिली. इंजिन फक्त ७४७ सीसीचं, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान. एवढं लहान का? हर्बर्ट ऑस्टिनला लहान गाड्यांचं वेड होतं म्हणून? नाही, त्यामागे कराचं गणित होतं. १९२१ पासून ब्रिटनमध्ये गाडीवरचा वार्षिक कर ‘हॉर्सपॉवर’वर बसवला गेला, एका हॉर्सपॉवरला एक पौंड. पण ही हॉर्सपॉवर इंजिनाची खरी ताकद मोजून काढलेली नव्हती. ती सूत्राने काढायची: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि २.५ ने भागायचं. पिस्टन किती लांब जातो, म्हणजे स्ट्रोक किती, हे सूत्रात नव्हतंच. ऑस्टिन सेव्हनचा व्यास सुमारे २.२ इंच, सिलिंडर चार. करून बघा, उत्तर आठाच्या आत येतं. कर आठ पौंड. अमेरिकन फोर्ड मॉडेल टीला याच सूत्राने तेवीस पौंड पडायचे. म्हणजे ब्रिटिश इंजिनं अरुंद आणि लांब स्ट्रोकची का झाली, याचं बरंचसं उत्तर अर्थखात्यात आहे, वर्कशॉपमध्ये नाही.

आता दुसरी गोष्ट. या गाडीची चासी अगदी साधी होती. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी लोखंडी चौकट, पुढे एक आडवी पाट्यांची स्प्रिंग, मागे दोन छोट्या. बॉडी त्यावर वेगळी बसवलेली. बॉडी गंजली, कुजली तर उतरवून टाका. खालची गाडी चालतेच. मग वर हवी ती हलकी बॉडी चढवा. अशा गाडीला ब्रिटनमध्ये ‘स्पेशल’ म्हणत. पुढे मिनी गाडीची रचना करणारा अलेक इसिगोनिस तरुणपणी मित्राबरोबर असाच एक ‘लाइटवेट स्पेशल’ बनवत बसला होता. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅकलॅरेन १९५२ मध्ये पहिल्यांदा स्पर्धेत उतरला तो वडिलांनी घेतलेल्या जुन्या ऑस्टिन सेव्हनमधूनच. तेव्हा तो शाळकरी मुलगा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘स्पेशल’ बनवणाऱ्यांची संख्या वाढली. इथेही ‘आवड वाढली’ असं लिहून मोकळं होऊ नका. देश कर्जात होता, डॉलर हवे होते, त्यामुळे नव्या गाड्या आधी निर्यातीला जात. घरच्या गिऱ्हाईकाला वर्षानुवर्षं थांबावं लागे. पेट्रोल रेशनवर. स्पोर्ट्स कार हवी असलेल्या पण खिसा रिकामा असलेल्या तरुणासमोर पर्याय एकच होता: युद्धापूर्वीची जुनी ऑस्टिन. चॅपमनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. शिकता शिकता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. १९४७ च्या शेवटी सरकारने खाजगी वापराचं मूळ पेट्रोल रेशनच बंद केलं. गाड्यांचा बाजार कोसळला आणि हातात उरली एक न विकली गेलेली ऑस्टिन सेव्हन. त्याने तिची बॉडी काढली आणि प्लायवूडला ॲल्युमिनियमचा पत्रा लावून नवी, हलकी आणि ताठ बॉडी बनवली. लोटसचा जन्म हा असा. प्रतिभा होतीच, पण तिला कामाला लावलं ते न खपलेल्या मालाने.

इथे थोडं थांबून एक प्रश्न विचारा, जो अशा विषयात हमखास सुटतो. हे सगळं घडलं कुठे आणि कोणाच्या पैशावर? चॅपमनने काम केलं ते त्याची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. १९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली तेव्हा सुरुवातीचे पंचवीस पौंडही हेझलनेच उसने दिले. पुढे दोघांचं लग्न झालं. गाड्यांच्या पुस्तकांत हे एका ओळीत येतं, तेही कौतुकाने. पण संशोधक म्हणून ती ओळ उलगडा. जागा, वेळ आणि भांडवल कोणीतरी पुरवत होतं. ‘एकट्याने गॅरेजमध्ये बनवली’ या वाक्यातलं ते गॅरेज कोणाचं, हा साधा प्रश्न सगळं कथानक बदलून टाकतो.

आता नियमांकडे येऊ. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने युद्धानंतर ऑस्टिन सेव्हनवर आधारित गाड्यांसाठी ‘७५० फॉर्म्युला’ नावाची नियमावली केली. हेतू सरळ होता: कमी पैशात रेसिंग. श्रीमंताने पैसा ओतून जिंकू नये म्हणून काय बदलता येईल आणि काय नाही, हे ठरवून दिलं. आणि नियम आले की पळवाटा आल्याच.

ऑस्टिनच्या इंजिनात एक जुनी खोड होती. चार सिलिंडर, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घ्यायला तोंडं दोनच. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरना एक सामाईक तोंड. दोघं एकामागोमाग ओढतात, त्यात वाटणी नीट होत नाही, एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवतो. चॅपमनने १९५१ च्या ‘मार्क थ्री’साठी त्या सामाईक वाटेत मधोमध पडदा घातला. दोन तोंडांची चार झाली, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा श्वास मिळाला. तोंडं किती असावीत हे नियमात लिहिलेलं नव्हतं, कारण असं कोणी करेल हे सुचलंच नव्हतं. गाडी इतरांना मागे टाकून सुटू लागली आणि क्लबने नियम बदलून ही युक्ती बंद केली.

मला वाटतं संशोधकासाठी या विषयातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच आहे: बंदीचा नियम. गाड्या हरवतात, माणसं आठवणी रंगवून सांगतात, पण एखादी गोष्ट करायला मनाई झाली याचा अर्थ कोणीतरी ती करत होतं. क्लबच्या नियमावलीच्या दोन वर्षांच्या प्रती शेजारी ठेवा आणि कोणती ओळ नवी आली ते बघा. प्रत्येक नव्या ओळीमागे एक हुशार मालक उभा असतो.

तिसरा टप्पा पुन्हा कराचा. १९४० मध्ये ब्रिटनने ‘पर्चेस टॅक्स’ आणला. तो तयार वस्तूच्या घाऊक किमतीवर लागे. गाड्यांवर १९५१ मध्ये तो ६६ टक्क्यांच्याही वर गेला. पुढे कमीजास्त होत राहिला. पण तो तयार गाडीवर होता. कोणी सुटे भाग विकत घेऊन घरी स्वतः गाडी जोडली तर हा कर लागत नसे. लोटसने ‘मार्क सिक्स’ अशीच सुट्या भागांत विकली आणि १९५७ मध्ये आली ‘लोटस सेव्हन’. दारं नाहीत, छत नावापुरतं, वजन अर्ध्या टनाहून कमी, आणि सुरुवातीला इंजिन फोर्डचं साधं ११७२ सीसीचं. मालक खोक्यातून भाग काढून शनिवार-रविवारी जोडत बसे. बसण्याची जागा इतकी खाली की हात सोडला तर रस्त्याला लागेल. हौस तर होतीच, पण त्या हौसेत करबचतही होती.

यासंबंधीचा एक किस्सा प्रत्येक हौशी मालकाला पाठ असतो. गाडी जोडायच्या सूचना दिल्या तर सरकार म्हणणार ही तयार गाडीच आहे. म्हणून म्हणे चॅपमनने गाडी ‘सुटी कशी करायची’ याच्या सूचना छापल्या. मालकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या! किस्सा झकास आहे, आणि म्हणूनच सांभाळून वापरायचा. तो प्रबंधात घालायचा असेल तर त्या काळची छापील सूचनापत्रिका समोर हवी. ती नसेल तर किस्सा ‘घटना’ म्हणून न लिहिता ‘मालकांची स्मृती’ म्हणून लिहा. स्मृती म्हणूनही त्याला किंमत आहे: गाडीवर प्रेम करणाऱ्या या लोकांना सरकारला चकवल्याचा आनंदही तितकाच हवा होता, हे त्यातून कळतं.

आता आपल्या युक्तिवादाची परीक्षा. समजा मी म्हटलं की लोक घरी गाडी जोडत होते ते केवळ कर वाचवायला. मग कर गेल्यावर हा प्रकार संपायला हवा. तो दिवस खरंच आला. १ एप्रिल १९७३ रोजी पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि तो सुट्या भागांवरही लागला. फायदा गेला. लोटसने त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्सला देऊन टाकले. इथवर युक्तिवाद बरोबर. पण गाडी संपली नाही. केटरहॅम ती आजही बनवतं, आणि तयार गाडीबरोबर सुटे भागही विकतं. लोक आजही पैसे देऊन, वर स्वतःची मेहनत घालून ती घरी जोडतात.

यावर कोणी आक्षेप घेईल की पुढच्या काळात तयार गाड्यांसाठी सरकारी मान्यतेचे नियम आले आणि घरी जोडलेल्या गाडीला तिथे वेगळी सवलत मिळाली. आक्षेप रास्त आहे. इतिहासात प्रयोगशाळा नसते. एक कारण काढून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवता येत नाही. तरीही एवढं म्हणता येतं: कराने या छंदाला आकार दिला, पण छंद कराने जन्माला घातला नाही. सगळी आर्थिक कारणं वजा केल्यावर जे उरतं, त्याला खुशाल ‘हौस’ म्हणा. आधी वजाबाकी करा, मग नाव द्या. इतकंच.

शेवटी एक चिमटा. जुन्या गाड्यांची किंमत वाढली तशी जुनी ‘स्पेशल्स’ पुन्हा मोडली जाऊ लागली. १९५० च्या दशकात कुणीतरी घरी बनवलेली बॉडी काढून टाकायची आणि त्याच चासीवर १९३० च्या कारखान्यातल्या रेसिंग ऑस्टिनची हुबेहूब नक्कल चढवायची. मालक म्हणतो, ‘मी गाडी मूळ रूपात आणली.’ पण मूळ कोणतं? कारखान्यातून निघालेलं, की वीस वर्षांनी एका तरुणाने पत्रे ठोकून घडवलेलं? त्या तरुणाने आधीची बॉडी भंगारात टाकून इतिहास पुसला होता. आताचा मालक त्या तरुणालाच पुसतोय. बदललेली गाडी म्हणजे पुनःपुन्हा खरवडून लिहिलेली पाटी. मग उरतात ती कागदं: नोंदणी पुस्तिकेत बदललेला इंजिन नंबर, रंग आणि मालकांची नावं, क्लबची पत्रकं, सुट्या भागांचे कॅटलॉग, मासिकांतल्या छोट्या जाहिराती.

आपल्याकडे असा विषय घ्यायचा तर? दार उघडं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत काय बदलता येतं यावर मर्यादा घालतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलं. म्हणजे नियम आहे, मग तो मोडणारेही आहेत, आणि जुन्या गॅरेजवाल्यांकडे त्यांच्या गोष्टी आहेत. त्यांना ‘तुम्हाला गाड्यांची एवढी आवड का?’ असं विचारू नका. सगळे एकच उत्तर देतील. विचारा, पहिली गाडी कितीला घेतली, पैसे कोणी दिले, आणि काढून टाकलेले भाग कुठे गेले.