तलावाचे पोट

हैदराबादला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला जो महापूर आला, त्यात या झाडाच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली असे सांगतात. माझे मामा हैदराबादेत नोकरीला होते. लहानपणी दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो की ते मला हटकून ते झाड दाखवायला नेत. पुढे २०२० च्या ऑक्टोबरात त्याच मामांना स्वतःच्या घराच्या गच्चीवर दोन रात्री काढाव्या लागल्या. त्या घराखालच्या जमिनीत माझेही पैसे होते. तेव्हा हा इतिहास मी अगदी त्रयस्थासारखा सांगू शकेन, असा माझा दावा नाही.

आम्हा मराठवाड्यातील माणसांना हैदराबाद परके नाही. १९४८ पर्यंत आमची राजधानी तीच होती. जमीन, महसूल, कोर्टकचेरी यांचे कितीतरी शब्द तिकडूनच आमच्या बोलण्यात आले. त्यांतल्याच एका शब्दाने मला फसविले, ते पुढे येईलच.

दख्खनच्या या भागात जमीन खडकाळ, नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या आणि पाऊस काय तो चार महिन्यांचा. त्यामुळे ओढ्याला बांध घालून पाणी अडविणे, हीच इथली शेती आणि हाच इथला संसार. काकतीय राजांच्या काळापासून, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकापासून, तेलंगणात ही तलावांची परंपरा चालत आलेली आहे. तलाव एकेकटा नसतो. वरचा भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्यात जाते, तो भरला की त्याच्या खालच्यात. अशी ती साखळी असते. हैदराबाद शहर वसले १५९१ साली. हुसेनसागर त्याच्याआधी सुमारे तीस वर्षे, इब्राहीम कुतुबशहाच्या कारकिर्दीत बांधला गेला. तलाव आधी आणि शहर मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मीर आलम तलाव झाला. त्याचा एकवीस कमानींचा दगडी बांध आजही पाहण्यासारखा आहे.

मग १९०८ चा पूर आला. मुशीच्या काठच्या वस्त्या धुऊन निघाल्या. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांनी पाहिले तेव्हा शहराच्या वरच्या अंगाला नदीच्या पाणलोटात ७८८ तलाव होते, आणि अतिवृष्टीत त्यांतले २२१ फुटले होते. एक फुटला की त्याचा लोंढा खालच्यावर, असे होत होत सगळे पाणी एकदम शहरावर आले. यावर एखादा म्हणाला असता, तलावांनीच दगा दिला, बुजवून टाका. विश्वेश्वरय्यांनी उलटे सांगितले. शहराच्या वर आणखी दोन मोठे, भक्कम तलाव बांधा आणि पुराचे पाणी तिथेच थोपवून धरा. त्याप्रमाणे मुशीवर १९२० साली उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. दोघांकडे दोन कामे सोपविली होती : पूर अडविणे आणि शहराला पिण्याचे पाणी देणे.

शहर वाढू लागले तशी घरे आणि कारखाने या जलाशयांच्या दिशेने सरकली. तेव्हा ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही जलाशयांपासून दहा किलोमीटरपर्यंतच्या ८४ गावांत दूषित करणारे कारखाने, मोठी हॉटेले, निवासी वसाहती यांना त्याने मनाई केली. एका तेलाच्या कारखान्याला यातून सूट देण्याचा सरकारने स्वतःच घाट घातला, तेव्हा २००० सालच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. पिण्याच्या पाण्याला धोका पोहोचेल अशी सूट सरकारलाही देता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पुढे १२ एप्रिल २०२२ रोजी तेलंगण सरकारने ही बंधने उठविण्याचा आदेश काढला. शहराला आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, या तलावांवर ते अवलंबून नाही, हे कारण त्यात दिले होते. कारण खोटे नव्हते. पण ते दोहोंपैकी एका कामापुरते होते. दुसरे काम कुणी काढून घेतले नव्हते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर याच जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले, मुशी फुगली आणि शहरातल्या मोठ्या बसस्थानकात पाणी शिरून रात्रीच्या वेळी उतारू अडकून पडले.

हे झाले मोठ्यांचे. शहराच्या पोटातले लहान तलाव मात्र गाजावाजा न होता गेले. मासाहेब टँक या नावाचा मोठा चौक आज आहे, तलाव नाही. तलाव नाहीसा कसा होतो, हे मला पुस्तकातून कळले नाही. दोन-तीन वर्षे पाऊस कमी पडतो. कडेची जमीन उघडी पडते. तिथे पूर्वीपासून कुणीतरी पाणी ओसरल्यावर पीक घेत असतो आणि त्याच्या नावे कागदही असतो. तो विकतो, घेणारा भर टाकतो, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडतो. रस्ता होतो, विजेचा खांब येतो, घरपट्टीची पावती येते. घरपट्टी घेतली म्हणजे सरकारने मान्यता दिली, असे आपण समजतो.

२००९ साली मामांनी आणि मी मिळून शहराच्या दक्षिणेस असा दोनशे गजांचा प्लॉट घेतला. मी शिकलेला मॅट्रिकपर्यंतच. एका खाजगी शाळेत मराठी शिकवितो आणि कादंबऱ्या लिहितो. तरी कागद वाचायचा मान मामांनी मलाच दिला. जुन्या उताऱ्याच्या नकलेत एके ठिकाणी ‘शिकम’ असा शब्द होता. आपल्याकडे शिकमी कूळ म्हणतात, म्हणजे कुळाचे पोटकूळ. मी मामांना सांगितले, "पूर्वी कुणी पोटकूळ असेल, आता काय त्याचे!" मामांनी सही केली.

शिकम हा फारसी शब्द. त्याचा अर्थ पोट. आपला शिकमी त्यावरूनच आला. तेलंगणात मात्र तलावाच्या बुडीत जमिनीला शिकम म्हणतात. ती जमीन तलावाचे पोट होती. शब्दावर पोट भरणाऱ्या माणसाला हे अकरा वर्षांनी, घरात छातीभर पाणी शिरल्यावर कळले. १३ ऑक्टोबरला अतिवृष्टी झाली, चार-पाच दिवसांत पुन्हा झाली; शहराच्या त्या भागातले बांध फुटले. मामींच्या माहेरची पितळी भांडी तेवढी हाती लागली, बाकी सर्व चिखल.

२०२४ च्या जुलैत सरकारने तलावांवरची अतिक्रमणे काढण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. नियम पूर्वीपासूनच आहे : तलाव पूर्ण भरला असता पाणी जिथवर येते ती त्याची हद्द, दहा हेक्टरांहून मोठ्या तलावाभोवती आणखी ३० मीटर आणि लहानाभोवती ९ मीटर मोकळे सोडायचे. नियम योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की पूर्ण भरल्याची ती रेघ दगड रोवून जमिनीवर दिसली पाहिजे, आणि खरेदीखतावर ‘शिकम’ऐवजी ‘ही तलावाची जमीन’ असे घेणाऱ्याच्या भाषेत छापले पाहिजे. घर पाडताना ज्याने परवानगीचा शिक्का मारला, त्याचेही नाव पुकारले जावे. नाहीतर कायद्याची झळ सही करणाऱ्यालाच लागते, शिक्का मारणाऱ्याला नाही.

मामा एकदा म्हणाले, "तू हे सगळं लिहिशील. उद्या आपलं घर त्या रेघेच्या आत निघालं, तर?"

मी म्हणालो, "मामा, ते आतच आहे."

गेल्या वर्षी घराला गिऱ्हाईक आले. नुकते लग्न झालेला मुलगा, खाजगी नोकरीतला. भावही बरा देत होता. मामांचे औषधपाणी आणि माझे कर्ज, दोन्हींची सोय झाली असती. त्याने कागद मागितले. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी उतारा काढून त्या शब्दावर बोट ठेवले आणि अर्थ सांगितला. मुलगा थोडा वेळ बसला, चहा घेतला आणि गेला. मामींना ते आवडले नाही. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

घर अजून तसेच आहे. सप्टेंबर लागला की मामा धान्याची पोती वरच्या खोलीत चढवितात.