फ्रीमेसन सदस्यत्व

फ्रीमेसन सदस्यत्व म्हणजे फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेत विधिपूर्वक प्रवेश घेऊन तिच्या एखाद्या शाखेचा, म्हणजेच 'लॉज'चा, सभासद होणे. अर्ज, शिफारस, गुप्त मतदान, दीक्षाविधी व शपथ या क्रमाने हे सदस्यत्व प्राप्त होते. मनुष्य नेमका कोणत्या क्षणी फ्रीमेसन होतो, याविषयी संघटनेत विधीच्या, नियमांच्या व नीतीच्या अंगाने वेगवेगळी उत्तरे दिली जातात. पश्चिम भारतात या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात सामाजिक महत्त्व आले. संघटनेचे तत्त्व सर्व मानवांच्या बंधुत्वाचे असताना भारतीयांना लॉजमध्ये प्रवेश द्यावा की नाही, हा वाद मुंबईत उभा राहिला आणि १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' या लॉजच्या स्थापनेने त्याला नवे वळण मिळाले.

पार्श्वभूमी

'मेसन' या शब्दाचा अर्थ गवंडी किंवा पाथरवट असा आहे. मध्ययुगीन ब्रिटनमधील पाथरवटांच्या संघांत पुढे त्या व्यवसायाशी संबंध नसलेले लोकही येऊ लागले आणि बांधकामाची हत्यारे नीतिशिक्षणाची प्रतीके बनली. गुण्या हे सचोटीचे, पाणसळ हे समतेचे आणि ओळंबा हे सरळ आचरणाचे चिन्ह मानले जाते. अनघड दगड म्हणजे नवागत आणि घडीव दगड म्हणजे संस्कारित मनुष्य, अशी कल्पना आहे.

परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये पहिल्या ग्रँड लॉजची स्थापना झाली. जेम्स अँडरसन यांनी सिद्ध केलेली संघटनेची घटना १७२३ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज १८१३ मध्ये एकत्र येऊन 'युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड' अस्तित्वात आले. भारतात १७३० च्या सुमारास कोलकाता येथे, तर १७५८ मध्ये मुंबईत लॉज सुरू झाले.

पात्रता व निवड

इंग्लिश परंपरेतील नियमांनुसार उमेदवार हा परमेश्वराच्या अस्तित्वावर श्रद्धा असलेला, चांगल्या चारित्र्याचा प्रौढ पुरुष असावा लागतो. तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारले जात नाही; मात्र निरीश्वरवाद्याला प्रवेश नसतो. पूर्वी वयोमर्यादा सामान्यतः २१ वर्षांची असून विशेष परवानगीने ती शिथिल करता येत असे. मुंबईत जन्मलेले लेखक रडयार्ड किपलिंग यांना १८८६ मध्ये लाहोर येथील लॉजमध्ये विसाव्या वर्षी प्रवेश मिळाला, तो अशाच सवलतीने. पूर्वी उमेदवार 'जन्मतः स्वतंत्र' असावा अशी अट होती. वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर, १८४७ मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजने ती बदलून 'स्वतंत्र मनुष्य' एवढीच ठेवली.

उमेदवाराने स्वेच्छेने व लाभाची अपेक्षा न ठेवता अर्ज करावा, असा संकेत आहे. दोन सभासद त्याचे नाव सुचवतात व अनुमोदन देतात. त्यानंतर पांढऱ्या व काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान होते. इंग्लिश नियमांत तीन काळ्या गोळ्या पडल्यास अर्ज फेटाळला जातो. काही लॉजच्या उपनियमांत एक किंवा दोन गोळ्याही पुरेशा असतात. नकाराचे कारण सांगावे लागत नाही. त्यामुळे चारित्र्याची पारख करण्यासाठी असलेली ही पद्धत पूर्वग्रहाचे साधनही बनू शकते.

दीक्षाविधी व तीन पदव्या

मूळ फ्रीमेसनरीत तीन पदव्या आहेत. पहिली शिकाऊची, दुसरी सहकारी कारागिराची आणि तिसरी 'मास्टर मेसन'ची. पहिल्या विधीत उमेदवाराच्या अंगावरील पैसे व धातूच्या वस्तू काढून घेतल्या जातात, डोळ्यांवर पट्टी बांधली जाते आणि गळ्यात दोर घातला जातो. श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकजण रिकाम्या हातांनी आत येतो, असा याचा आशय सांगितला जातो. त्यानंतर तो आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. या शपथेने नागरिक, कुटुंबीय किंवा धर्मानुयायी म्हणून असलेल्या त्याच्या कर्तव्यांना बाध येणार नाही, असे आश्वासन त्याला आधीच दिले जाते. शपथेनंतर पट्टी सोडली जाते व त्याला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन दिला जातो. पुढील दोन पदव्या काही काळाच्या अंतराने मिळतात. तिसऱ्या विधीत मृत्यूचे स्मरण व निष्ठा हे विषय नाट्यरूपाने मांडले जातात.

मनुष्य फ्रीमेसन केव्हा होतो?

विधीच्या दृष्टीने शपथ हा निर्णायक क्षण मानला जातो. शपथेपूर्वी उमेदवार माघार घेऊ शकतो. शपथेनंतर त्याला 'बंधू' म्हणून संबोधले जाते. इंग्लिश नियमांनुसार पहिली पदवी मिळताच तो फ्रीमेसन आणि त्या लॉजचा सभासद ठरतो. अमेरिकेत मात्र १८४३ च्या बाल्टिमोर परिषदेनंतर लॉजचे कामकाज तिसऱ्या पदवीच्या सभासदांपुरते ठेवण्याची प्रथा रूढ झाली. परिणामी तेथील अनेक ग्रँड लॉजमध्ये मास्टर मेसन झाल्यावरच पूर्ण सदस्यत्वाचे हक्क मिळत आले.

नैतिक दृष्टीने दिले जाणारे उत्तर याहून वेगळे आहे. संघटनेच्या पारंपरिक प्रश्नोत्तरांत उमेदवाराची पहिली तयारी अंतःकरणात झालेली असते, असे मानले आहे. या मतानुसार विधी ही केवळ सुरुवात होय. बंधुप्रेम, साहाय्य व सत्य ही तीन तत्त्वे आचरणात उतरली तरच मनुष्य खऱ्या अर्थाने फ्रीमेसन होतो. तथापि नियमांच्या अंगाने पाहता ज्याने केवळ शपथ घेतली आणि पुढे काहीच केले नाही, तोही फ्रीमेसनच राहतो.

मुंबईतील प्रवेशाचा प्रश्न

पारशी सुधारक माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) यांच्या उदाहरणातून या प्रश्नाची व्यावहारिक बाजू स्पष्ट होते. मुंबईतील 'पर्सिव्हरन्स' या युरोपीय सभासदांच्या लॉजने त्यांना प्रवेश नाकारला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचाही त्यांना असाच अनुभव आला होता. तेथे ते १८४० मध्ये सभासद होऊ शकले. युरोपच्या प्रवासात त्यांनी पॅरिसमधील एका लॉजमध्ये दीक्षा घेतली. अशा रीतीने आपल्याच शहरात दार बंद असलेला मनुष्य परदेशात फ्रीमेसन झाला. दीक्षा आणि विशिष्ट लॉजचे सभासदत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसून आले. दीक्षित फ्रीमेसनलाही दुसऱ्या लॉजचा सभासद होण्यासाठी पुन्हा मतदानाला सामोरे जावे लागते.

स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजतर्फे पश्चिम भारताचे प्रमुख असलेले डॉ. जेम्स बर्न्स (१८०१–१८६२) हे भारतीयांच्या प्रवेशाला अनुकूल होते. त्यांच्या पुढाकाराने १५ डिसेंबर १८४३ रोजी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' या लॉजची स्थापना झाली. त्यात आरंभापासून पारशी व मुसलमान सभासद होते. माणेकजी करसेटजी त्याचे आघाडीचे सभासद होते. पुढे १८६३ मध्ये त्यांनी मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी मुंबईत अलेक्झांड्रा संस्था काढली. प्राच्यविद्यापंडित खरशेटजी रुस्तमजी कामा यांनी १८५४ मध्ये याच लॉजमध्ये प्रवेश केला. त्यांच्या सदस्यत्वाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जीवनजी जमशेदजी मोदी यांनी संपादित केलेला गौरवग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हिंदूंच्या प्रवेशाला अधिक विरोध झाला. अनेक देवतांची उपासना करणारा मनुष्य एका परमेश्वराची शपथ घेऊ शकतो काय, असा आक्षेप घेण्यात येई. जातिभेद व सहभोजनावरील निर्बंध बंधुत्वाशी विसंगत आहेत, असेही म्हटले जाई. कोलकाता येथे प्रसन्नकुमार दत्त यांना अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. त्याच दशकात मुंबईत 'इस्लाम' व 'आर्यन' ही लॉज निघाली. ही वाढ समावेशक असली, तरी लॉजची रचना धर्मनिहाय होण्याची प्रवृत्तीही तिच्यात दिसते.

हक्क, कर्तव्ये व सदस्यत्वाची समाप्ती

सभासदाने वर्गणी भरणे, सभांना उपस्थित राहणे, ओळखीच्या खुणा गुप्त ठेवणे आणि अडचणीतील बंधूला व त्याच्या कुटुंबाला यथाशक्ती साहाय्य करणे अपेक्षित असते. लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वादविवाद करण्यास मनाई आहे. दीक्षा परत घेता येत नसली, तरी सदस्यत्व संपुष्टात येऊ शकते. राजीनामा दिलेला किंवा वर्गणी थकल्याने लॉजमधून वगळलेला मनुष्य लॉजविना फ्रीमेसन राहतो. गंभीर गैरवर्तनाबद्दल ग्रँड लॉज त्याला संघटनेतून बडतर्फ करू शकते. तेव्हा त्याचे सर्व हक्क जातात.

टीका

गुप्ततेमुळे भारतात लॉजच्या इमारतींना 'जादूघर' किंवा 'भूतबंगला' म्हटले जाई. सभासद एकमेकांना नोकरी-व्यवसायात अनुचित लाभ मिळवून देतात, असा आरोपही होत आला आहे. रोमन कॅथलिक चर्चने १७३८ मध्ये आपल्या अनुयायांना फ्रीमेसन होण्यास बंदी केली आणि १९८३ मध्ये ती भूमिका कायम असल्याचे जाहीर केले. पारंपरिक लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. स्त्री-पुरुषांना समान प्रवेश देणारी स्वतंत्र शाखा १८९३ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. अ‍ॅनी बेझंट यांनी तिचा भारतात प्रसार केला, परंतु पारंपरिक ग्रँड लॉज तिला मान्यता देत नाहीत.

सद्यस्थिती

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान हे तिचे पहिले ग्रँड मास्टर होते. तिचे चार प्रादेशिक विभाग असून पश्चिम विभागाचे केंद्र मुंबई येथे आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉलमध्ये अनेक लॉजच्या सभा भरतात. भारतीय लॉजमध्ये भगवद्गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथ साहिब व अवेस्ता हे धर्मग्रंथ ठेवण्याची प्रथा असून उमेदवार स्वतःच्या धर्मग्रंथावर शपथ घेतो.