खटला जळगावचा, निकाल धुळ्याचा

31 ऑगस्ट 2019. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या खटल्याचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागणार होता. मी सकाळच्या एसटीने धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत बसमधल्या माणसांचा निकाल लागूनही गेला होता. कुणी म्हणे सगळे सुटतील, कुणी म्हणे एकही सुटता कामा नये. पुरावा मात्र कुणीच वाचला नव्हता. फिर्याद 2006 ची. त्या दिवशी 48 जण दोषी ठरले, त्यांत माजी मंत्री होते.

चाळीस वर्षं वकिली केलेल्या माझ्या मनात तेव्हा आलं, हीच माणसं ज्यूरी म्हणून, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक म्हणून, बसली असती तर?

1908 मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. 'केसरी'तले लेख मराठी, ज्यूरीपुढे वाचलं गेलं ते भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी शब्दाशब्दावर घेतली. तरी सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. सहा वर्षं मंडालेचा तुरुंग! सातांना तसं का वाटलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्यूरीला कारण द्यावं लागत नसे.

1959 मध्ये उलटं घडलं. नौदलाचे कमांडर नानावटी यांना खुनाच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिक उघड त्यांच्या बाजूचं होतं. सेशन्स जज मेहतांना हा कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने स्वतः पुरावा तपासला आणि 1960 मध्ये जन्मठेप दिली. 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. याच खटल्याने ज्यूरी गेली, असं सगळे म्हणतात. पण विधी आयोगाने तशी शिफारस 1958 मध्येच केली होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

ज्यूरी गेली, पण खटला चालतो त्या गावाचं दडपण मात्र उरलं, ते साक्षीदारांवर येतं. बडोद्याच्या बेस्ट बेकरीतल्या दंगलीच्या हत्याकांडाच्या खटल्यात साक्षीदार फिरले, सगळे आरोपी सुटले. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने फेरखटल्याचा आदेश दिला, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. तो मुंबईत चालला आणि 2006 मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली.

न्यायाधीशही माणूसच, त्याचीही चूक होते. पण त्याला कारणं लिहावी लागतात आणि ती वरच्या कोर्टात ओळीओळीने तपासता येतात. म्हणून माझ्या खानदेशी बांधवांना एवढंच सांगणं आहे: आधी निकालपत्र वाचा, मग मत द्या.