थायरॉईडचा इलाज ताटात शोधणाऱ्यांना

आसनगाव-शहापूरकडे बाईला थायरॉईडची गोळी लागली की सल्ल्यांची रांग लागते. कोबी सोडा, आयोडीनचे थेंब घ्या, सेलेनियमच्या कॅप्सूल आणा, गोळी आपोआप सुटेल. दुसरा पक्ष म्हणतो, आयोडीनच विष आहे, सैंधव खा. दोघांचीही चूक एकच: थायरॉईडचा आजार म्हणजे एखाद्या क्षाराचे कमी-जास्त होणे, असे दोघेही धरून चालतात.

आयोडीन मागणाऱ्यांचा पूर्वपक्ष बिनबुडाचा नाही. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिले आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये वर्णन केलेला आजार वेगळा आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि तिचा दाह होतो. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या 5,376 प्रौढांची पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे 11 टक्के लोकांत ग्रंथीचे काम मंदावलेले होते आणि जवळपास 22 टक्क्यांच्या रक्तात ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे होती. हे सारे आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचल्यानंतरचे. मग आणखी आयोडीन कशासाठी? चीनमध्ये तीन भागांची तुलना 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत आयोडीन जास्त असलेल्या भागात हा दाह अधिक आढळला. डेन्मार्कमध्येही मिठात आयोडीन घालणे 2000 मध्ये सक्तीचे झाल्यावर ग्रंथी मंदावण्याचे नवे रुग्ण वाढले.

म्हणून मीठ बदलायचे का? मुळीच नाही. प्रौढाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला त्याहून जास्त, कारण बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. आयोडीन न घातलेल्या सैंधवातून ते मिळत नाही.

सेलेनियमचेही तसेच. जर्मनीत 2002 मध्ये रोज 200 मायक्रोग्रॅम दिल्यावर प्रतिपिंडे घटली, आणि जाहिराती त्याच आधारावर चालतात. डेन्मार्कच्या मोठ्या चाचणीत मात्र वर्षभर तेवढेच सेलेनियम देऊनही रुग्णांच्या जगण्याच्या दर्जात फरक पडला नाही. कागदावरचा आकडा उतरणे आणि थकवा उतरणे या दोन गोष्टी आहेत. ड जीवनसत्त्वाची बाजू थोडी बळकट. अमेरिकेतल्या चाचणीत पाच वर्षांत स्वप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) 22 टक्क्यांनी कमी दिसले, पण ते सगळे मिळून, एकट्या थायरॉईडचे नव्हे.

आपल्याकडे ज्याच्याबद्दल बोलायला हवे ते लोह. संप्रेरक घडवणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात लोह असते आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. सकाळची लोकल गाठायच्या घाईत थायरॉईडची गोळी चहाबरोबर आणि रक्तवाढीची गोळीही त्याच घोटात गिळली, की लोह थायरॉईडची गोळी आतड्यातच अडवते. मग तपासणीत टीएसएच, म्हणजे गोळी कमी पडल्याची खूण, चढतो आणि दोष बिचाऱ्या कोबीला. शिजवलेला कोबी प्रमाणात खायला काहीच हरकत नाही. आपल्या घरातली सुकट, जवळा आयोडीन-सेलेनियम देतात. त्यांनी ग्रंथीला लागणारे पुरवले जाते, उलटलेली प्रतिकारशक्ती शांत होत नाही.

तेव्हा बायांनो, गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, अर्ध्या-एक तासाने चहा, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.