दुहेरी काचेची खिडकी व सौर उष्णता

दोन तावदानांमध्ये कोरड्या हवेचा बंदिस्त थर ठेवलेली खिडकी. तिच्यातून आत येणाऱ्या उन्हाचे गणित हा वास्तुभौतिकीचा एक महत्त्वाचा विषय आहे. ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये एकात एक बसविलेल्या काचेच्या पेट्या उन्हात ठेवून आतील तापमान मोजले. काच सूर्याचे प्रारण आत घेते, परंतु तापलेल्या वस्तूंचे अदृश्य प्रारण सहजी बाहेर सोडत नाही, हे स्पष्टीकरण फूर्ये यांनी १८२४ मध्ये मांडले. मुंबईत विल्यम ॲडम्स यांनी आरसे व काच वापरून सौर चूल तयार केली. त्यांचा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुहेरी तावदानाचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १८६५ मध्ये टॉमस स्टेटसन यांना मिळाले. हेतू थंडी रोखण्याचा होता. त्यामुळे पुढील गणितात आतील व बाहेरील तापमानांतील फरकामुळे होणाऱ्या उष्णतावहनास प्राधान्य मिळाले. ही दृष्टी उष्ण प्रदेशात अपुरी पडते. साध्या एकेरी काचेऐवजी दुहेरी काच बसविल्यास हे वहन सु. निम्मे होते, पण पडलेल्या उन्हापैकी आत येणारा अंश (सौर उष्णतालाभ गुणांक) सु. ०.८ वरून ०.७ पर्यंतच उतरतो. म्हणजे दुहेरी काच ऊन फारसे अडवीत नाहीच, उलट आत आलेली उष्णता रात्री लवकर बाहेर जाऊ देत नाही.

हा गुणांक स्थिर नसतो. किरणांचा आपाती कोन सु. ५०° होईपर्यंत तो फारसा बदलत नाही. त्यापुढे परावर्तन वाढून तो झपाट्याने घटतो. म्हणून संगणकीय प्रतिमानांत सूर्याचे स्थान तासागणिक धरावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील कोडोली (अक्षांश सु. १६.९° उ.) येथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो, पण खस्वस्तिकापासून फार तर ६.५° च ढळतो; लहानसा छज्जाही त्या वेळचे ऊन अडवितो. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सु. ५०° उंचीवर असतो. खरी अडचण पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांची. तेथे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन काचेवर जवळजवळ काटकोनात पडते व छज्जा निरुपयोगी ठरतो.

भारताच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने व्यापारी इमारतींसाठी या गुणांकाची कमाल मर्यादा ०.२७ ठरविली, १५° उ. अक्षांशाच्या उत्तरेस मात्र उत्तराभिमुख खिडक्यांना ०.५० पर्यंत मुभा दिली. कोडोली या रेषेच्या उत्तरेस येते. निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली.